मजुरी बाकी, अन्नदान सुरू

दुसऱ्याशी कसं वागावं, या प्रश्नावर आपल्याकडे उत्तरांची टंचाई कधीच नव्हती. कीर्तनात ती मिळतात, शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून मिळतात, सकाळी सहाला मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट येतात. बहुतेक सगळी एकाच सुरातली असतात: दया करा, मदत करा, हात आखडू नका. उत्तरं बरोबरच आहेत, पण ती दुसऱ्या पायरीवरची आहेत. ज्याचं आपण देणं लागतो त्याला ते पुरतं, वेळेवर आणि चार हेलपाटे न घालता मिळावं, ही पहिली पायरी. ती गाळून आपण थेट वर जाऊन बसलो आहोत. माझं म्हणणं असं की, दानाचं पुण्य मोजण्याआधी थकबाकीची वही उघडावी. ती उघडली की आपल्या बऱ्याचशा चांगुलपणाचा खर्च नेमका कुणाच्या खिशातून चालला आहे, हे दिसायला लागतं.

नाशिकमध्ये राहून हे म्हणणं जरा धाडसाचं आहे, कारण देण्याच्या बाबतीत हे गाव खरोखर उदार आहे. पितृपक्षात गोदाघाटावर अन्नदानाला खंड नसतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातमीपाठोपाठ ब्लँकेट वाटपाचे फोटो येतातच. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरकडे चालत निघालेल्या दिंड्यांना रस्त्यात चहा, खिचडी, गरम पाणी, सगळं न मागता मिळतं. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. पहाटे चारला उठून पातेलंभर खिचडी शिजवणारी बाई ढोंगी नसते. मला एवढंच विचारायचं आहे की, तिच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पगार या महिन्यात कोणत्या तारखेला झाला?

पण घरात शिरण्याआधी मळ्यात जाऊ. या जिल्ह्याचा बराचसा पैसा तिथून येतो.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत हा द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले की पेठ, सुरगाणा, हरसूलच्या डोंगरातून माणसं खाली उतरतात. तिकडे पावसाळी भात आणि नागली. ती निघाली की पुढे हाताला काम नाही. मग टोळी जमते, मुकादम बोलणी करतो, एकरी उक्तं काम ठरतं. छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, घड औषधात बुडवणं म्हणजे डिपिंग, आणि मग विरळणी. विरळणी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा पाहावी. मांडवाखाली मान वर करून दिवसभर उभं राहायचं आणि एकेका घडातले जादाचे मणी कात्रीने काढत जायचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालातल्या प्रत्येक मण्याला फुगायला जागा मिळते. पेस्ट कातडीला लागली तर भाजल्यासारखं होतं. हातमोजे कुठे मिळतात, कुठे नाही. राहायला मळ्यातच पत्र्याची शेड. आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची हातात पडते आणि उरलेला हिशेब शेवटी होतो.

त्या शेवटच्या हिशेबात आधी उचल वजा होते. मग खाडे वजा होतात. मध्ये कुणाच्या पोराला ताप आला म्हणून दवाखान्यात नेलेलं असतं, ते पैसे वजा होतात. जे उरतं त्याबद्दल ऐकायला मिळतं, ‘व्यापाऱ्याचं पेमेंट आलं की मुकादमाकडे पाठवतो.’ सगळेच बागायतदार असं करतात असं मुळीच नाही. दर शनिवारी वही उघडून ज्याचे त्याला मोजून देणारे, बायांचे पैसे बायांच्याच हातात देणारे बागायतदारही मला माहीत आहेत. पण असा रोखठोक माणूस गावात कौतुकाचा विषय होतो, यातच काय ते आलं. वेळेवर मजुरी देणं हा सद्गुण समजला जात असेल, तर उशिरा देणं हा रिवाज झालेला असतो.

आणि हा रिवाज बागायतदाराला खटकायला हवा होता, कारण या दुखण्याचा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा जाणकार तोच आहे. द्राक्ष उत्पादक आणि पळालेला व्यापारी ही इथे दर हंगामाची गोष्ट. बांधावर भाव ठरतो, क्रेट भरून गाडी जाते, थोडी रक्कम रोख, बाकीचा चेक. चेक वटत नाही, फोन बंद लागतो, पत्ता परराज्यातला निघतो. २०२० मध्ये पोलिसांना अशा तक्रारींसाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली होती. असं फसलेल्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन कुणी म्हणालं, ‘फार वाईट झालं हो तुमच्याबाबतीत, हे घ्या ब्लँकेट आणि पाच किलो तांदूळ’, तर तो काय करेल? अंगावर धावून येईल, आणि योग्यच करेल. त्याला तांदूळ नको आहेत, त्याचे पैसे हवे आहेत. मदत आणि देणं यांतला फरक त्याला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगला कळतो. फक्त व्यापाऱ्याकडे पाहताना तो स्वच्छ दिसतो आणि मजुराकडे पाहताना धूसर होतो. टोळी गावी निघताना बांधून दिलेल्या जुन्या साड्या मग ‘आपण त्यांच्यासाठी किती करतो’ या खात्यात जमा होतात.

शेतकऱ्याची बाजू इथे ऐकायलाच हवी, कारण ती खोटी नाही. ऐन काढणीत अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात. डावणी हा बुरशीचा रोग आला तर फवारणीचा खर्च कुठल्या कुठे जातो. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, आणि वर व्यापारी बेपत्ता. ‘माझेच अडकलेत, मी कुठून देऊ?’ हा प्रश्न तो खोटं रडत विचारत नाही. तरीही एक गोष्ट उरते. ज्या वर्षी भाव कडकडीत लागतो, त्या वर्षी टोळीला एकरी दरापेक्षा जास्त काही मिळतं का? नाही मिळत, ठरलं तेवढंच मिळतं, आणि ते बरोबरही आहे, कारण नफ्याची जोखीम मालकाची होती. मग तोट्याच्या वर्षी ती जोखीम उतरून मजुराच्या अंगावर कशी येते? निम्म्या वाट्याने शेती करायची असेल तर तो वेगळा करार आहे, तो उघडपणे करावा. त्यात चांगल्या वर्षाचा निम्मा नफाही द्यावा लागेल. नफा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा, असा करार शुद्धीवर असलेला कुठलाही माणूस राजीखुशीने करणार नाही. सुरगाण्याचा माणूस तो करतो, याचा अर्थ त्याच्यापुढे दुसरं काही नव्हतं.

अठराव्या शतकात कोनिग्सबर्गला बसून जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट या फरकाचाच विचार करत होता. १७८५ मध्ये त्याने मांडलेला मुद्दा बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो: ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही आणता येतं, माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, आणि म्हणून त्याला निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही. भाषणांत वापरून वापरून हा मुद्दा गुळगुळीत झाला आहे. त्याचं १७९७ मधलं एक म्हणणं मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण ते झोंबतं. श्रीमंताला मदत करण्याची ऐपत येते ती बहुतेक वेळा व्यवस्थेच्या अन्यायाने काहींना झुकतं माप मिळाल्यामुळे. मग गरिबाला तो जे देतो त्याला उपकार म्हणावं तरी का, असा कांटचा सवाल आहे. त्याच ठिकाणी तो असंही सांगतो की, देणाऱ्याने घेणाऱ्याला मिंधं वाटू देऊ नये; त्याने घेतलं यात आपलाच मान झाला, असं वागावं. आपल्या ब्लँकेट वाटपाच्या फोटोंत ब्लँकेटची दोन टोकं धरलेले आठ जण हसत असतात आणि नवव्याला मान वर करायला सांगितलेलं असतं. ते फोटो या वाक्याच्या उजेडात एकदा पाहावेत.

कांटला संत करण्याची घाई मात्र नको. १७९७ च्या त्याच ग्रंथात त्याने घरगडी, कारागिराकडचे शिकाऊ आणि सगळ्या बायका यांना मताचा अधिकार नसलेल्या दुय्यम नागरिकांत बसवलं. त्याच्या स्वतःच्या घरी मार्टिन लांपे नावाचा माजी सैनिक कित्येक दशकं नोकर होता. पहाटे पाचला मालकाला उठवणं हे त्याचं ठरलेलं काम. माणसाच्या प्रतिष्ठेवर इतकं लिहिणाऱ्याला पहाटे दाराशी उभा राहणारा माणूस पूर्ण नागरिक वाटला नाही. १८०२ मध्ये कांटने लांपेला कामावरून काढलं. काढताना पेन्शन मात्र बांधून दिली. आपल्याकडे वीस-वीस वर्षं पोळ्या करून गुडघे गेलेल्या किती बायकांना कुणी पेन्शन दिली आहे, हे गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत विचारून बघा.

सोसायटीचा विषय निघालाच आहे. घरकामाला येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो. चांगलं आहे. ‘आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत’ हेही म्हणतो. या घरच्या माणसाला लिफ्ट वेगळी, कप वेगळा, आणि सकाळी सात ते दुपारी दोन पाच घरं करेपर्यंत लघवीला जायचं कुठे, याचं उत्तर पाचांपैकी एकाही घरात नाही. ती आजारी पडली की खाडा. आपण पंधरा दिवस कोकणात गेलो तरी खाडा, म्हणजे आपली सुट्टी तिच्या पगारातून. हा दुसरा खाडा मला फार बोलका वाटतो. गाडीचा हप्ता, शाळेची फी, क्लबची वर्गणी, यातलं काहीही आपण गावाला गेलो म्हणून कमी होत नाही, आणि कमी करा असं म्हणायला आपण धजावतही नाही. जिथे समोरचा नाही म्हणू शकतो तिथे आपण देणं पाळतो. जिथे नाही म्हणू शकत नाही तिथे आपलेपणाची भाषा सुरू होते. मग दिवाळीला साडी येते, मुलीच्या लग्नाला पाच हजार येतात, आणि ते देताना आपल्याला जे भरून येतं तेही खरंच असतं.

दिवाळीच्या साडीने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. साडीने काही बिघडत नाही. बिघडतं ते पगार आणि भेट या दोन्हींचा हिशेब एकत्र झाला की. ज्याला रक्कम आणि तारीख ठाऊक असते तो माणूस त्यावर काही ठरवू शकतो: भिशी लावू शकतो, दुसरं काम धरू शकतो, नकोसं झालं तर सोडून जाऊ शकतो. ज्याचं अर्धं मिळकतीत आणि अर्धं मालकाच्या मर्जीत येतं, त्याला मालकाची मर्जी वाचत बसावं लागतं. वहिनी आज चिडलेल्या आहेत, मग उचल उद्या मागू. साहेबांकडे पाहुणे आहेत, रविवारीही यावं लागेल, नाही म्हणायला नको. समोरचा माणूस कितीही प्रेमळ असो, त्याच्या प्रेमावर पोट अवलंबून असणं ही मोकळी स्थिती नव्हे. दयेतला कच्चा दुवा मला इथे दिसतो. ती कितीही केली तरी थांबवण्याचा अधिकार करणाऱ्याच्या हातात राहतो. देणं थांबवता येत नाही, म्हणून आपल्याला ते नकोसं वाटतं.

उचल हा या गुंत्याचा सगळ्यात अवघड धागा. बँक दारात उभं करत नाही तेव्हा मालकच धावून येतो, हे खरं आहे, आणि ज्याने ऐन रात्री दवाखान्यासाठी पैसे दिले त्याला शोषक म्हणून मोकळं होणं मला जमणार नाही. पण तीच उचल पुढे कुठवर जाते तेही पाहायला हवं. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली लहान मुलं थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे कामाला ठेवल्याचं उघड झालं. उघड झालं ते एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. त्या मुलांच्या आईबापांनाही सुरुवातीला कुणीतरी अडचणीला मदतच केली होती.

आता मध्यस्थाकडे येऊ, कारण शहरात आपण बहुतेक देणी त्याच्या आडून चुकवतो. एका सोसायटीच्या बैठकीत वॉचमनचा पगार दोन महिने झाला नसल्याचा विषय निघाला. खजिनदार शांतपणे म्हणाले, ‘आपण एजन्सीला पाच तारखेला देतो. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं.’ विषय तिथेच संपला, पार्किंगचा सुरू झाला. खजिनदारांचं गणित चोख होतं. पैसे गेले होते. फक्त रात्री दोनला ज्यांच्यासाठी काका गेट उघडत होते ती माणसं आणि ज्यांनी पगार द्यायचा ती माणसं वेगळी झाली होती, आणि मधल्या फटीत काकांचे दोन महिने पडले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे ओळखलं होतं: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. तो कायदा ठरावीक संख्येच्या वरच्या आस्थापनांना लागू होता, आमच्यासारख्या चार विंगांच्या सोसायटीला नसेल. पण त्यातलं तत्त्व कामगारांची संख्या पाहून खरं-खोटं ठरत नाही. राबणाऱ्याचा लाभ मला मिळत असेल तर त्याच्या मजुरीची काळजी मधल्या माणसाला विकता येत नाही.

या शहराला हे सगळं नवीन सांगायची खरं तर गरज नव्हती. २ मार्च १९३० रोजी, दांडी यात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी, काळाराम मंदिराच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, इथली बांधणी दादासाहेब गायकवाडांची. दारं बंद करून घेण्यात आली. रामनवमीला रथ निघाला तेव्हा दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. या इतिहासातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं की, अस्पृश्यांनी मूर्तीची पूजा करावी किंवा देवळात गेल्याने ते समान होतील, यासाठी ही चळवळ नव्हती. त्यांना आपल्या स्थितीचं भान यावं, ते पेटून उठावेत, यासाठी होती. म्हणजे दाराशी बसलेल्यांना आतून कुणी कृपेने काही आणून द्यावं, ही अपेक्षाच नव्हती. दार माझंही आहे, एवढं सिद्ध करायचं होतं.

हाच माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सदस्य होता आणि किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये त्यानेच मांडलं. कायदा १९४८ मध्ये झाला. आपण जयंतीला पहिले आंबेडकर आठवतो, दुसरे सोयीने विसरतो. देवळाचं दार आणि मजुरीचा दर हे त्यांच्या लेखी एकाच हिशेबाचे दोन भाग होते, असं मी मानतो.

महाराष्ट्राने सरकार म्हणूनही एकदा हा निवाडा केला होता. १९७२ च्या दुष्काळात अन्नछत्रं उघडून भागवता आलं असतं. त्याऐवजी कामं निघाली, खडी फुटली, पाझर तलाव झाले, आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या कल्पनेचा १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला: काम मागणं हा हक्क, मजुरी देणं हे सरकारचं देणं. त्या पिढीतल्या बायका मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीबद्दल अजूनही तोंड वाकडं करून बोलतात आणि फाट्यावरच्या रस्त्याबद्दल ‘हा आम्ही केला’ असं म्हणतात. भाकरी त्या काळी जीव वाचवणारी होती, तरी अभिमान रस्त्याचाच.

हक्काची भाषा आली की जिव्हाळा संपतो, असा एक आक्षेप हमखास येतो. माझा अनुभव उलटा आहे, पण अनुभवापेक्षा मोठा दाखला देतो. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून लाल टोप्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी हजारोंनी होते. मुख्य मागण्यांत एक होती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचे पट्टे. म्हणजे थकबाकीच. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला ते मुंबईत पोचले आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना गर्दीचा त्रास नको म्हणून सोलून निघालेल्या पायांनी ते रात्रीच उठले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसले. हे त्यांच्याकडून कुणाचंच देणं नव्हतं. कुणी मागण्याचा अधिकारही नव्हता. ज्यांचं वर्षानुवर्षांचं येणं बाकी होतं त्यांनी, ते मागायला जाता जाता, अनोळखी शहराच्या पोरांना ही भेट दिली. हक्क मागणारा माणूस कोरडा होतो, हे त्या रात्रीकडे पाहून कुणी म्हणून दाखवावं.

मुंबईकरांनीही पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धाव घेतली. मला ते पाहून बरं वाटलं होतं, आजही वाटतं. पण नंतरचे कितीतरी दिवस आपण सोललेले पाय आणि नव्या चपला यांवरच बोलत राहिलो. पट्ट्यांच्या फायली कुठे अडकल्या होत्या, क्षेत्र कमी का मोजलं गेलं, दावे कोणत्या कारणांनी फेटाळले, हे विषय डोळ्यांत पाणी आणणारे नव्हते, म्हणून मागे पडले. चपला दिल्या की देणाऱ्याला आपली बाजू फिटल्यासारखी वाटते. पट्ट्याचं तसं नाही; तो मोजून द्यावा लागतो, नकाशासकट.

आता हे सगळं पुन्हा ऐरणीवर येणार आहे, कारण सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला लाखोंची गर्दी उसळेल आणि त्याआधीपासून हजारो हात राबतील: रस्ते, घाट, तंबू, नळ, फिरती शौचालयं, आणि मुख्य म्हणजे झाडू. अन्नछत्रांची यादी तर केव्हाच तयार होईल. यात जेवणारे भाविक असतील, साधू असतील, आणि पहाटे तीनला घाट झाडणारा कंत्राटी कामगारही त्याच पंगतीला बसून जेवेल. त्याला पुरी-भाजी मिळेल याची मला खात्री आहे. त्याची मजुरी ठरलेल्या दराने मिळेल का, गेला महिना तरी मिळाला असेल का, याची नाही. याआधीच्या एका सिंहस्थात, २७ ऑगस्ट २००३ ला, चेंगराचेंगरीत ३० हून जास्त भाविक गेले. गर्दीत नाणी उधळली गेली आणि ती वेचायला लोक वाकले, हे कारण तेव्हाच्या बातम्यांत ठळकपणे आलं होतं. वरून उधळून देण्याचं टोक ते. त्या दिवसानंतर बंदोबस्ताचा विचार पुष्कळ झाला, उधळण्याच्या वृत्तीचा फारसा झाला नाही.

माझी मागणी फार कोरडी आहे. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या ठेक्यात मजुरी थेट मजुराच्या खात्यात, महिन्याच्या सात तारखेच्या आत जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये. ठेकेदार पळाला तर मजुरी भागेल एवढी अनामत आधी ठेवून घ्यावी. द्राक्षवाल्यांना याचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. कामाच्या जागी रोजचा दर, कामाचे तास आणि तक्रारीचा फोन मराठीत आणि हिंदीत फलकावर लिहावा. झाडणाऱ्यांना हातमोजे, बूट, झोपायला छप्पर आणि बायकांना कडी लागणारं शौचालय, हे भाविकांच्या सोयींच्या यादीत शेवटी न घालता कामाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर यावं.

खर्च वाढेल, असं सांगितलं जाईल. वाढेलच. आजवर तो कमी दिसत होता, कारण फरक मजूर भरत होते. सणासुदीला इतका हिशेबीपणा बरा नव्हे, असंही कुणीतरी म्हणेल. त्यांनी मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला आणि फुलवाल्याला ॲडव्हान्स दिला आहे की नाही, ते आधी विचारावं. आणि या अटी नंतर घालता येत नाहीत. ठेका दिल्यावर आयुक्तांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे तेच सांगतील की करारात तसं काही नाही. ज्या कामांच्या निविदा अजून निघायच्या आहेत त्यांच्या मसुद्यात हे कलम आहे का, हे महापालिकेत जाऊन लेखी विचारायची वेळ आत्ताची आहे.